वस्तादानं पाह्यलेली नाडी

नाई हो बाई, अटॅक नाई — अटॅक असता तं पावने धावत भेटाले तरी आले असते. आमच्या यायची नाडी मंद हाय. बस्स, तेवढंच. हसता? मीबी हसत होती. छातीत धडधड झाली तं मानूस डॉक्टरकडे पळते, मंद झाली तं कोन पळते? अन् आमच्या घरी तं तिचं कौतुक होतं कौतुक! बसा ना, तुमचा पेशंट झोपलाच हाय अजून.

माहा बाप मोर्शीचा, वामनराव वस्ताद. तालीम होती त्याची. पोट्टा तालमीत आला का पयले त्याचं मनगट धरे, डोळे मिटे अन् नाडी पाहे. मंद लागली का म्हने, हा दमाचा. भरभर लागली का म्हने, याले घरी पाठवा. तालमीपुरतं ठीक हाय, पन जवाईबी त्यानं तसाच निवडला! हाव, खरं सांगून राहिली. दोघं आले होते मले पाहाले. पयला अकोल्याचा, जुन्या शहरातला, शाळेवर मास्तर. मी चहा घेऊन आली, बाबानं त्याचं मनगट धरलं अन् तोंड वाकडं केलं — 'घोड्यावानी पळते याची,' म्हने. अवो, पळनारच! मी समोर उभी होती ना! त्यानं एकडाव वर पाह्यलं होतं, अन् कप बशीत असा वाजला — जाऊ द्या. दुसरे हे, सूर्यभान, बार्शीटाकळीचे, कबड्डी खेळनारे. मी आली काय, गेली काय, नाडी आपली तशीच, बैल रवंथ करते तशी. बाबा खुश! मांडवात सांगत फिरे, जवायाचं काळीज पाहा म्हने. तवाच मले समजाले पाहिजे होतं — जो मानूस मले पाहून हालला नाई, तो पुढं काय हालनार? नाईच हालला. पोरगी झाली, तं 'बरं'. माही माय गेली, तं 'बरं'. मी रागानं माहेरी गेली, तवाबी 'बरं' — अन् घ्यालेबी नाई आले, मीच आली परत एसटीनं. हे कावून सांगून राहिली मी तुमाले?

तं, कबड्डी कवाचीच सुटली. औंदा चकरा येऊन राहिल्या. जिना चढला का धाप, बसल्या जागी झापड. गोठ्यात पडले, थेट बैलाच्या पायाशी — लोकं म्हनाले, घेऊन असतीन. घेत नाई हो, आयुष्यात नाई घेतली. मी म्हनलं, दवाखान्यात चाला, तं म्हने, 'मले काय होते? माही नाडी पैलवानाची हाय.' तसंच ओढत आनलं इथं. डॉक्टरनं तेच समजावलं — खेळाडूची नाडी बसल्या जागी मंद असते, त्यात काई वाईट नाई, पन तोच मानूस चालला, चढला, तं ते वाढली पाहिजे, अंगाले रगत लागते ना. यायले या वरांड्यात चालवलं मशीन लावून, तं वाढाचं नावच नाई! काळजातला करंट म्हने वरून निंगते अन् खाली नीट पोचतच नाई. दम नोहे हा, बिमारी हाय. खांद्याखाली कातडीत लहानसं मशीन बसवतो म्हने, ठोका अडला का ते देते. नाई तं एखाद दिवशी पडतीन ते उठनारच नाई. तोंडावर सांगतलं.

बसवून घ्या ना मंग! सकाळपासून नाईच म्हनून राहिले. डॉक्टर म्हने, कावून? तं भिताडाकडे तोंड करून काय बोलले मालूम हाय? 'सासऱ्यानं मले या नाडीवर पोरगी देली साहेब. तेच खोटी निंगाली, तं मी तिचा कोन?' — घ्या! इतक्या वर्षात माह्यासंग बोलला नाई अन् डॉक्टरसंग बोलला! मी तिथंच उभी, दाराशी. मले वाटे, या मानसाले मी असली काय अन् नसली काय. अन् हा आपलं मनगट सांभाळत बसला होता! रडू नाई आलं, राग आला. इतका राग आला बाई, का आत जाऊन हालवावं वाटलं त्याले.

आता डॉक्टर म्हनते, तुमीच समजावा, तुमचंच ऐकतीन. काय समजावू? एकच गोठ हाय सांगाले — माह्या बापाचं चुकलं, नाडीवरून मानूस पारखता येत नाई. एवढं म्हनलं का मानूस मशीन बसवून घेईन, वाचीन. अन् हेच तं मी लग्नापासून म्हनून राहिली, मनातल्या मनात, भाकरी थापता थापता — बाबा, तू चुकला, तू चुकला. आता तोंडानं म्हनाची पाळी आली, तं पाय उठून नाई राहिले. कावून, सांगू? मी म्हनीन त्याले वाचवाले, पन त्याले बराबर समजीन, का बायको हे खरंच बोलून राहिली.

आली, सिस्टर, आली! — अन् तुमी काय पाहता असं? मी काई सांगतलं नाई तुमाले. जा, आपला पेशंट पाहा.