प्रताप नगरातला कोपऱ्याचा बोर्ड

...अन् म्हणून म्हणतो, कोनी तुमाले सांगाले आलं ना, का जागा बसल्या बसल्या कमावते, तर त्या माणसाले आधी बसूच देऊ नका! चहा तर बिलकुल पाजू नका. म्या पाजला. दोन-दोन कप पाजला. आता भोगून राहिलो.

काय झालं, तुमाले सांगतो. मी चंपतराव, इतवारीत एका दालमिलमंदी हिशेब लिहितो, अन् आमी राहे महाल मोहल्ल्यात, भाड्याच्या एका खोलीत. नळ खाली, संडास त्याच्याही पलीकडं. अन् आमची मंडळी, शामला, लग्न झाल्यापासून तिची एकच गोठ, का मले सैपाकघराले खिडकी पायजे. बस. सोनं नाही मागितलं, लुगडं नाही मागितलं. खिडकी! आता त्या खोलीत चूल पेटली का धूर जाईन कुठी? खिडकी होती एक, पण तेबी घरमालकाच्या भिंतीले नाक लावून. मंग म्या काय केलं, पारशिवनीकडचं माह्या वाट्याचं वावर भावाले विकून टाकलं अन् प्रताप नगरात प्लॉट घेतला. कोपऱ्याचा! तवा प्रताप नगरात होतं काय जी? चार घरं, बाकी बाभळीच बाभळी. पण सडक चालती होती. तेच नडलं मले.

एका रविवारी आमी दोघं नवरा-बायको दोरी लावून खोल्या मोजून राहिलो, शामला म्हणे चूल इथी, खिडकी इथी, अन् तेवढ्यात सायकलवरून उतरला रुपराव. रुपराव म्हणजे बोर्ड रंगवणारा, कंपन्यायच्या जाहिराती आणणारा, गोड बोल्या माणूस. उभ्या-उभ्या प्लॉटाकडं असा पाहे, जसं पाहुणे पोरीले पाह्यतात. म्हणे, "चंपतभाऊ, घर बांधता? घर खर्च करवते. जागा बसल्या बसल्या कमावते." म्हणे, बल्ल्या गाडू, टिनं ठोकू, कंपनीचा बोर्ड लावू, महिन्याच्या महिन्याले भाडं घ्या, अन् दोन वर्षानं त्याच पैशात माडीचं घर बांधा. शामलानं दोरी खाली सोडली. बायकोच्या हातची दोरी सुटली तवाच समजावं माणसानं, पण मी तं माडीवर चढलो होतो ना... मनातल्या मनात!

बोर्ड लागला. साबणाची जाहिरात! हे एवढी मोठी बाई, खांद्यापर्यंत फेस, हसून राहिली. अन् भाडं आलं, खरंच आलं. बसल्या बसल्या! मी रविवारी सायकल काढून जावो, सडकेच्या त्या बाजूनं उभा राहून बोर्डाकडं पाहत बसो, येणारे-जाणारे मान वळवून पाहे तं मले वाटे, हे मान नाही वळून राहिली, माही वीट रचून राहिली. शामला विचारे, "बांधाचं कवा?" मी म्हणो, "थांब वं, जागा बसल्या बसल्या कमावते."

पण बोर्डाचं तोंड होतं शेजारच्या घराकडं. गाड्या तिकडून येत ना! अन् शेजारच्या घरात कोण? तुळसाबाई. आली एक दिवस पदर खोचून. पण भांडली नाही, तुमाले सांगतो, भांडली असती तं बरं झालं असतं. अशी नरमाईनं बोले, म्हणे चंपतरावजी, आमचे मामंजी म्हातारे, वसरीत जेवाले बसतात, अन् समोर हे बाई आंग धुऊन राहिली. म्हातारा आता भिंतीकडं तोंड करून जेवते, आमटी सदऱ्यावर सांडवते. बोर्ड जरासा फिरवता का? म्या रुपरावले विचारलं. रुपराव म्हणे, फिरवला तं जाहिरात पाहीन कोण, बाभळी? सडक का तिच्या बापाची हाये? हे म्या तुळसाबाईले सांगितलं. बापाचं नाही सांगितलं, बाकी सांगितलं. ते म्हणे, "बरं भाऊ. तुमची जागा तुमची. माही जागा माही."

अन् तिनं तिच्या जागेत, कुंपणाच्या आतून, शेवगा लावला. एक नाही, रांगच! आता शेवग्याचं तुमाले मालूम हाये. आंब्याले दहा वर्षं खाऊ घाला तरी विचार करते, अन् शेवग्याची फांदी नुसती टोचा, दुसऱ्या साली डोक्यावर. पावसाळा गेला अन् बाईचे खांदे गेले. दुसरा पावसाळा आला अन् बाईच गेली! सडकेवरून पाहा तं शेवगा. वसरीतून पाहा तं शेवगा. मामंजी सडकेकडं तोंड करून जेवाले लागले. म्या म्हटलं, तुळसाबाई, जरा छाटता का, तं ते म्हणे हो जी, काहून नाही, अन् छाटे फक्त शेंगा! अन् त्या शेंगा देई कोनाले? आमाले! मी प्लॉटावर गेलो का मोळी बांधून सायकलले लावून दे, शामला त्याची भाजी करे, अन् मी, तुमाले सांगतो, माह्याच कमाईच्या आड आलेलं झाड चोखून चोखून खात बसो. चवीले बम गोड होत्या. हेबी सांगाले पायजे.

मंग कंपनीचा साहेब आला जीपमंदी, बोर्ड पाहाले. जीप बोर्डासमोरून गेली, पुढं गेली, वापस आली, अन् साहेब रुपरावले विचारते, "बोर्ड कुठं आहे?" भाडं अर्ध्यावर आलं. अर्धं तं अर्धं, म्या म्हटलं, बसल्या बसल्या अर्धं. तं लागलं चौऱ्याहत्तर साल! आठवते का चौऱ्याहत्तर? रॉकेल नाही, डालडा नाही, साबण नाही, जिथं पाहा तिथं रांग. रुपराव तोंड पाडून आला. कंपनी म्हणते म्हणे, का माल दुकानात पोचाच्या आधी उठून राहिला, मंग जाहिरात कोनासाठी करू? घ्या! म्हणजे तेजीत झाड आडवं अन् टंचाईत मालच नाही. म्या म्हटलं रुपराव, जवा माल असते तवा तुमी म्हणता लोक पाहत नाही, अन् आता माल नाही तं म्हणता पाहाची गरज नाही, मंग माह्या जागेनं कमवावं कवा? रुपराव म्हणे, धीर धरा, चंपतभाऊ. अन् चहा प्याला.

मंग त्यानं एका तेलवाल्याले पकडून आणलं. तो पैशाऐवजी तेलाच्या शिश्याच दे, डोक्याले लावाच्या. आता माह्या डोक्याकडं पाहा अन् सांगा, मी त्याचं काय करू! तोबी बुडाला. मंग कोनीच नाही. तेलाची जाहिरात पुसली गेली अन् शेवग्याच्या मागं साबणाची बाई परत उघडी पडली, रंग उडलेली, एक डोळा गेलेला.

अन् इकडं घराचं काय? जे भाडं साचलं ते घेऊन मी भट्टीवर जावो, तं विटा चढलेल्या. विटायचं जमवो तं लोखंड चढलेलं. सिमेंट तं परमिटावर! माह्यापाशी नेहमी मागच्या सालचं घर बांधाचा पैसा राहे. मागच्या सालचं घर, तेबी माडीसकट! पण या सालात मागच्या सालचं घर कोण बांधून देईन?

अन् शामलाचा खोकला. पहिले हिवाळ्यात होता, मंग बाराही महिने. डॉक्टरनं छाती तपासली, डोळे पाह्यले, अन् मलेच विचारलं, "चुलीचा धूर जातो कुठे?" म्या काय सांगू जी? का धूर बायकोच्या छातीत जाते, अन् पैसा बोर्डाच्या आशेत?

त्याच आठवड्यात मी मिलमधून घरी आलो, तं खोलीले कुलूप. घरमालक म्हणे, बाई रिक्षात चूल, भांडे अन् वाकळा टाकून गेली. म्या सायकल हाणली ते सरळ प्रताप नगर! पाह्यतो तं बोर्डाच्या सावलीत तीन धोंडे मांडून शामला भाकर थापून राहिली, शेजारी तुळसाबाई काटक्या सारून राहिली. धूर मोकळा वर चालला होता. म्या म्हटलं, हे काय वं, लोक काय म्हणतीन? तिनं भाकर उलटवली. म्हणे, "मी वापस नाही येत. तुमाले भिंती बांधाच्या असतीन तं बांधा, नाही तं मी अशीच राहीन."

आवाज नाही चढवला. खोकलीबी नाही, अन् तेच मले जास्त लागलं. माह्या तोंडात आलं होतं, का जागा बसल्या बसल्या... पण जागेवर आता शामला बसली होती ना!

मंग बांधलं. माडी नाही. दोन खोल्या, विटा मातीत लावल्या, सिमेंटाचं नावच नाही. सैपाकघराले खिडकी ठेवली, एवढी मोठी, का तिच्यातून बैल आत येईन. वर टाकाले टिन कुठून आणू? बोर्डच उतरवला. मिस्त्री म्हणे रंगाची बाजू खाली घेतो, टिकीन. शामला म्हणे, निजल्यावर हे बाई माह्या आंगावर नको, तोंड वर करा. केलं वर. अन् शामलाचा खोकला कमी झाला, खोटं कायले बोलू. पण मे महिन्यात त्या टिनाखाली झोपून पाहा तुमी एकदा, मंग मले सांगा माणूस कसा शिजते!

आता आयका. परवा रुपराव आला. नवं धोतर, नवी सायकल. म्हणे चंपतभाऊ, तेजी आली! चहाची कंपनी प्रताप नगरात कोपरा शोधून राहिली, मागच्या दुप्पट भाडं देते, अन् तुळसाबाईचा शेवगा वादळात पडला म्हणे, सडक साफ! बोर्ड कुठी हाये? म्या बोट वर केलं. रुपराव मागं सरकला, टाचा उचलल्या, म्हणे दिसत नाही. म्या म्हटलं, खालून नाही दिसत, रुपराव. सोनेगावले उतरणारं विमान आमच्या डोक्यावरून जाते, त्यातल्या लोकायले दिसते.

रुपरावनं कपाळावर हात धरून आभाळाकडं पाह्यलं. मंग विचारते, बारा महिने दिसते का?

म्या म्हटलं, नाही गा. पावसाळ्यात ढग आडवे येतात.