दुसऱ्या मजल्यावरचा थांबा

काका: डॉक्टर, आता तुम्हीच सांगा हिला. हिच्या हृदयाची नळी साफ आहे ना? स्टेंट टाकल्यानंतरची फिल्म माझ्या फोनमध्ये आहे. आल्यागेल्या सगळ्यांना दाखवतो मी.

काकू: दूधवाल्यालासुद्धा.

काका: अगं, तोच विचारत होता.

डॉक्टर: नळी साफच आहे, काका. कालच्या तपासणीत स्टेंटही उत्तम दिसला.

काका: झालं तर मग. जिना चढताना हिच्या छातीत भरून येतं, ते सगळे मनाचे खेळ.

डॉक्टर: असं मी कुठे म्हटलं? फिल्ममध्ये मोठी नळी दिसते. तिच्या पुढच्या केसासारख्या रक्तवाहिन्या दिसत नाहीत. म्हणून तर काल आत तार घालून रक्त किती पुढे सरकतं ते मोजलं. काकू, जिना चढताना त्या वाहिन्या पसरायला हव्यात. तुमच्या नीट पसरत नाहीत. हमरस्ता मोकळा, पण गल्ल्या अडलेल्या.

काकू: म्हणजे दुखतं ते खरंच दुखतं?

डॉक्टर: खरंच दुखतं.

काकू: जरा यांच्याकडे बघून सांगा.

डॉक्टर: काका, खरंच दुखतं.

काका: मग स्टेंट वाया गेला म्हणायचा?

डॉक्टर: अजिबात नाही, तो त्याचं काम चोख करतोय. हे दुखणं वेगळं, आणि यालाही औषध आहे. मी गोळ्या बदलते. रोज चालायचं, हळूहळू वाढवायचं. बसल्याजागी दुखलं किंवा थांबल्यावरही दुखणं कमी झालं नाही, तर मात्र लगेच इथे यायचं.

काकू: आणि माझा शिवणक्लास? तिसऱ्या मजल्यावर आहे. आज खोलीची किल्ली परत करायचीय. हे म्हणतात, मुली डोकं खातात म्हणून मला असं होतं.

डॉक्टर: किल्ली द्यायची नाही. क्लास चालू ठेवा. जिना थांबत थांबत चढा.

काकू: थांबते की मी.

काका: कधी? मी रोज मागेच असतो.

काकू: दुसऱ्या मजल्यावर. चपलेचा पट्टा लावायला.

(काका तिच्या पायांकडे बघतात. चपलेला पट्टा नाही.)

काका: आणि मी रोज वैतागायचो, किती वेळ ती चप्पल म्हणून. अगं, सांगायचंस ना.

काकू: सांगितलं होतं. तुम्ही फिल्म दाखवलीत.

काका: चुकलंच माझं. ऊठ, मुली वाट बघत असतील. किल्ली माझ्या खिशात आहे. आणि दुसऱ्या मजल्यावर आपण दोघं थांबू. चपलेला हात न लावता.