दारात नको

आटपाडी कोर्टाच्या व्हरांड्यात सई स्टॅम्पपेपरच्या रांगेत उभी होती. मागच्या बाकावर रहिमतपूरच्या बनुबाई नव्या वकिलाशी बोलत होत्या.

"मावशी, अपघाताचा निकाल साताऱ्याचा असला तरी गाडीचा मालक इथला आहे. वसुलीची दरखास्त इथंच चालेल."

"म्हून तर तुमास्नी गाठलं. काय हाय त्याच्यापाशी?"

"विमा नव्हता. जमीन भावाच्या नावावर केलीय. उरलाय तो ट्रॅक्टर. जप्त करून लिलावापर्यंत तुमच्या दारात उभा करू. कोर्टात जागा नाही."

"माझ्या पोराच्या अंगावरनं गेला, त्योच?"

"तोच."

रांग पुढं सरकली. सई जागची हलली नाही.

"दारात नगा आणू, सायेब. माझ्या पोराच्या लेकीला ट्रॅक्टर लय आवडतो. दिसला की चढाया पळती."