पट्टीखालचं बटण

बटणावरून? असं सांगितलं दादाने तुला — एका बटणावरून भांडून बहीण घराबाहेर पडली? बरं. बस ना, उभी का. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय डुगडुगतो, इकडे पलंगावर बस — ते फोन सरकव जरा, नाही, थांब, मीच सरकवते, वायरी गुंतल्यात. आईने पाठवलं की तू आपणहून आलीस? आपणहून. लग्नाला ये म्हणून सांगायला. चांगली आहेस गं तू, होणारी वहिनी म्हणून तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही, ते आधीच सांगून ठेवते. पण दादाच्या लग्नात त्याच्या शेजारी उभं राहून मी फोटोसाठी हसायचं — ते नाही जमायचं. राग? राग असता तर बरं होतं. राग उतरतो. किळस उतरत नाही, ती जिभेवर बसून राहते, जेवताना आठवते.

एवढे फोन कशाला म्हणतेस? अगं, तेच तर माझं काम. दादाने कधी नीट सांगितलंच नाही वाटतं तुला. एकच वेबसाइट — ती कोणी ऑफिसातल्या भल्यामोठ्या स्क्रीनवर उघडतं, कोणी लॅपटॉपवर, कोणी काच तडकलेल्या तळहाताएवढ्या फोनवर. सगळ्यांना ती धड दिसली पाहिजे, बोट लावलं की चालली पाहिजे. लोकांना वाटतं, मोठं आहे ते आटवलं की झालं. मोठ्या माणसाचा सदरा आटवून पोराला घालता येतो का? बाह्या एकीकडे, गळा एकीकडे. प्रत्येक मापाला नव्याने बेतावं लागतं — काय वर येईल, काय खाली जाईल, काय काढून टाकलं तरी चालेल. म्हणून हे सगळे फोन. जुने, बारके, बटबटीत, कुणाकुणाचे टाकून दिलेले. आणि हे मला शिकवलं कोणी? त्यानेच. नवं पेज तयार झालं की तो आधी आईच्या फोनवर उघडायचा. आईच्या फोनवरची अक्षरं त्यानेच मोठी करून दिली आहेत, तिला बारीक दिसत नाही ना. म्हणायचा, आई, वाच बघू. ती चष्मा शोधायला लागली की म्हणायचा — चष्म्याशिवाय वाच, नाहीतर आम्ही नापास. असा होता. म्हणजे — असाच आहे असं मी धरून चालले होते.

तर तो सफाईचा ठेकेदार. तू पाहिलं असशील त्याला आमच्या ऑफिसात. आम्ही त्याला अत्तरवाला म्हणायचो, माणूस तळमजल्यावर असला तरी वास वर पोचलेला असायचा. त्याच्याकडे कामाला सगळ्या बायका — ऑफिसं, दवाखाने, दुकानं झाडून-पुसून देतात. पूर्वी मुकादम फोन करून विचारायचा, उद्या येणार का. मग ठेकेदाराला हवी झाली वेबसाइट. संध्याकाळी बाईने फोनवर पेज उघडायचं, उद्याचं काम कुठे ते वाचायचं, खाली बटण — ‘हो, येते’. ते दाबलं तर काम पक्कं. नाही दाबलं तर जागा दुसरीला. सोपं होतं, चांगलं चालायचं. पुढे त्याला खाली एक पट्टी हवी झाली — स्क्रीनच्या तळाला चिकटून राहणारी, त्यात त्याच्या कंपनीचं नाव आणि त्याचा हसरा फोटो. वर-खाली काहीही सरकवा, हा आपला तिथेच हसतोय. ती पट्टी दादाने घाईत बसवली. मी दुसऱ्या कामात होते.

आणि आमच्या ऑफिसच्या इमारतीतल्या मावशी — त्याच्याकडेच कामाला, जिना पुसतात त्या, उंच, बारीक, पदर कंबरेला खोचलेल्या — त्या येईनाशा झाल्या. त्यांच्या जागी रोज कोणी वेगळीच पोरगी. मला वाटलं आजारी असतील. एके दिवशी दुपारी आल्या त्या, कामाला नाही, नुसत्याच, दारात उभ्या. हातात फोन, रुमालात गुंडाळलेला. म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही फोनचं काम करता ना? माझा बिघडलाय. दुकानवाला म्हणतो चांगला आहे. पण माझ्याकडे बटणच येत नाही. सुनेकडे येतं, माझ्याकडे नाही.’ आणि मग काय म्हणाल्या माहीत आहे? म्हणाल्या, ‘माझंच काहीतरी चुकत असेल, मला कुठे कळतं यातलं.’ हे मला सांगत होत्या, माफी मागितल्यासारखं. मला. ज्या ऑफिसातून ते पेज गेलं, त्या ऑफिसातल्या बाईला.

मी फोन हातात घेतला आणि बघितल्या बघितल्या समजलं. त्यांनी अक्षरं मोठी केलेली. अक्षरं मोठी केली की मजकूर फुगतो, खालचं सगळं आणखी खाली ढकललं जातं, आणि ते बटण जाऊन बसायचं बरोबर त्या पट्टीच्या मागे. पेज तिथेच संपत होतं, आणखी वर ओढता येत नव्हतं. बटण होतं गं — ठेकेदाराच्या हसऱ्या तोंडामागे होतं. म्हणजे कोणाला दिसत नव्हतं? ज्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, त्यांनाच. तरण्या पोरींना काही अडचण नाही. सगळ्या जुन्या बायका, वर्षानुवर्षं कामाला असलेल्या, घरी बसून विचार करताहेत — आपला फोन बिघडला की आपण बिघडलो.

चुका होतात. आमच्या धंद्यात रोज होतात, त्याचं मला काही नाही. मी दुपारभरात नीट केलं, पट्टी वर नेली, बटण खाली मोकळं केलं, या सगळ्या फोनांवर तपासलं. दादाला दाखवलं. त्याला वाईटही वाटलं — खरंच वाटलं, मी खोटं बोलणार नाही — कपाळाला हात लावून म्हणाला, ‘अरे, हे कसं सुटलं माझ्या नजरेतून?’ म्हणाला, चल, ठेकेदाराला दाखवून येऊ.

गेलो. त्याच्या केबिनमध्ये भिंतीवर ही मोठी स्क्रीन. मी समजावून सांगितलं, आधी कसं दिसायचं, आता कसं दिसेल. तो शांत ऐकत होता. मग म्हणाला, ‘मॅडम, काम छान केलंय. पण राहू द्या. आहे तसंच बरं आहे.’ मला वाटलं, त्याला कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले. तो म्हणाला, ‘कळलं मला, पहिल्यांदा सांगितलंत तेव्हाच कळलं. मी बाईला कामावरून काढलं तर ओरड होते, चार जणी दारात येऊन बसतात. इथे मी कोणाला काढतच नाही. त्यांचं त्याच येत नाहीत.’ आणि वर काय — ‘जिला बटण दिसत नाही, तिला कोपऱ्यातली घाण तरी काय दिसणार?’

दादा हसला.

मोठ्याने नाही. नुसतं नाकातून, गिऱ्हाइकाने विनोद केला की हसतात तसं. पण हसला. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होता. त्या अत्तराच्या वासातून मी आधी बाहेर पडले. जिन्यात मी म्हटलं, हे तू ऐकून घेतलंस? तर म्हणाला, ‘वेबसाइट त्याची, माणसं त्याची. आपण आखून देणारे. शिंपी विचारतो का, हे कपडे घालून तू कुठे जाणार?’ मी म्हटलं, शिंपी गळफासही शिवून देतो का? तर तो भराभर पायऱ्या उतरून गेला.

मग मी काय केलं — तू माझ्या जागी असतीस तर तूही केलं असतंस — माझं दुरुस्त केलेलं पेज मी साइटवर चढवलं. कोणाला न विचारता. दुसऱ्या दिवशी मावशी जिना पुसत होत्या. माझ्याकडे बघून हसल्या आणि कंबरेला खोचलेला फोन थोपटला. बस, एवढंच. तो दिवस फार चांगला गेला माझा. संध्याकाळपर्यंत.

आता हे नीट ऐक, कारण त्याने हे तुला सांगितलेलं नसणार. कोणाला सांगेल? ठेकेदाराचा फोन आला असणारच. मला वाटलं, दादा फार तर माझं काढून जुनं परत ठेवेल. तेही वाईटच, पण समजू शकले असते. मी ऑफिसात आले तर तो नव्हता. टेबलावर माझे फोन मांडलेले, सगळे, ओळीने, लहानापासून मोठ्यापर्यंत. मला बरं वाटलं गं, वाटलं, बसला तपासायला, आला ताळ्यावर. एक उचलला. त्यावर अक्षरं मोठी केलेली. दुसरा उचलला, मोठी. सगळ्यांवर तेच पेज उघडं — आणि एकावरही बटण नाही. मग मी कोड उघडला. त्याचाच हात, ओळखू येतो मला, स्वच्छ, एक ओळ इकडची तिकडे नाही. अक्षरं मोठी असली तर पट्टी उंच कर, बटण झाक. नाहीतर पट्टी आपली बारीक. असं मुद्दाम लिहिलेलं. आधी ती चूक होती ना? आता ते काम होतं. आणि चोख केलेलं काम — सुटलं तर नाही ना कोणी, म्हणून एकेका फोनवर तपासून बघितलेलं. माझ्या फोनांवर.

मी ते खोक्यात भरले आणि निघाले, ऑफिसातून आणि घरातूनही. आईला सांगितलं तर ती सारखी एकच विचारत राहिली, ‘खरंच का गं? त्याने स्वतः?’ माझ्याबरोबर काम करणारा मुलगा, तोही तेच, खरंच का. आणि मावशींना सांगितलं. सांगायलाच हवं होतं, त्यांचा फोन बिघडला नव्हता, त्या बिघडल्या नव्हत्या. मी म्हटलं, चला, तक्रार करू, मी सगळं दाखवते. त्या म्हणाल्या, ‘दोन्ही सुना त्याच्याकडेच आहेत, ताई. तुम्ही नका काही करू.’ आता त्या एका खानावळीत भांडी घासतात. तिथे बटण लागत नाही. आणि मी हात बांधून इथे बसते, रोज संध्याकाळी ते पेज उघडते, अक्षरं मोठी करते आणि बघते. का बघते? त्याने काढलं असेल म्हणून. एकदा तरी. आणि बेल वाजली की — मघाशी तू आलीस तेव्हाही — मला वाटतं तोच असेल. दारात उभा राहील, म्हणेल, चल, काढलं मी ते. मी लगेच गेले असते गं. चप्पलसुद्धा न घालता.

हे बोलायचं नव्हतं मला. तुझं लग्न तोंडावर आलंय, आणि मी तुझ्यापुढे हे सगळं — तुला धक्का बसला असेल. पाणी देते.

काय म्हणालीस?

ठेकेदाराचं काम हातातून गेलं असतं तर ऑफिस बंद पडलं असतं.

हं. हे त्याचं वाक्य आहे, तुझं नाही. कधी सांगितलं त्याने तुला? … तेव्हाच. बटण मुद्दाम झाकलं त्या दिवशीच. म्हणजे मी इतका वेळ बोलतेय, आणि तुला सगळं माहीत होतं. तरीच. सगळ्यांनी मला विचारलं, खरंच का. तू नाही विचारलंस. तू मान हलवत होतीस आणि मला वाटलं, बिचारी, हिला काही सुचत नसेल.

नाही, पुढे नको बोलूस. हात काढ. लग्न झाल्यावर तू त्याला समजावशील, मग तो काढेल — मला माहीत आहे काय म्हणणार ते. ऊठ. आईला सांग, मी घरात नव्हते. कुलूप होतं म्हणून सांग.

जिना अरुंद आहे, कठडा धरून उतर. जा.