अंगठ्याची परीक्षा

एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आमच्या मोंटानात बंदुकांच्या दुकानात काउंटरसमोर रांग लागते. माझ्यापुढे ऑर्विल आणि डेल्फीन हे म्हातारे नवरा-बायको होते. त्याने स्वतः घरी भरलेलं काडतूस खिशातून काढून तिच्या हातावर ठेवलं.

“बघ. गोळी पितळी पुंगळीत इतकी अलगद बसली, हातालासुद्धा कळलं नाही.”

“तेच वाईट, सैल बसलीय. पुंगळीचं तोंड आतून घासलंस ना?”

“आरशासारखं! नेमबाजीच्या मैदानावर सगळ्या गोळ्या एकाच भोकातून गेल्या.”

“तिथे तू एकेक काडतूस घालत होतास. उद्या चार एकदम भरशील. पहिला बार झाला की धक्क्याने उरलेल्या गोळ्या पुंगळीत आत सरकतील.”

“काही सरकत नाहीत!”

तिने गोळीचं टोक काउंटरच्या कडेला टेकवलं आणि अंगठ्याने रेटलं. गोळी मुकाट पुंगळीत गेली.

“तुझा अंगठा आहे का हातोडा?”

“रायफलचा धक्का याहून मोठा असतो. अशी दबलेली गोळी उडवलीस तर आतला दाब वाढून रायफल तुझ्याच तोंडावर फुटेल.”

“दुसरी गोळी लागतेच कुणाला? माझं एल्क पहिल्याच बाराला पडतं.”

“आणि त्याच्या वासाने अस्वल आलं की?”

ऑर्विलने टोपी काढली, परत घातली.

“तू भरलेली थोडी काडतुसं देशील?”

“गाडीतल्या तुझ्या डब्यात माझीच आहेत. सकाळीच बदलली. आता सरक पुढे, लोक खोळंबलेत.”