गजाननभाऊंचा अडकलेला भत्ता

मंडळी, सगळ्यांना माझा नमस्कार.

या मंदिराच्या मंडपात आज गजाननभाऊंच्या शोकसभेला आपले पॅकिंगवाले आहेत, भट्टीवाले आहेत, वस्तीतले शेजारी आहेत, भाऊंचे सोयरे गावाहून आले आहेत. भाऊंच्या घरच्या, आपल्या मंगलावहिनी, इथे समोर बसल्या आहेत. त्यांच्याकडे पाहून मला बोलता येणार नाही. म्हणून मी जराशी बाजूला पाहून बोलते. वहिनी, राग मानू नका.

मी रेखा वानखेडे. हिंगण्याकडच्या आपल्या फरसाणच्या कारखान्यात मी पॅकिंगला होते, आणि गजाननभाऊ ढोले आमचे सुपरवायझर होते. सकाळपासून विचार करून राहिली की काय बोलू. कागदावर लिहिलं, फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. शेवटी तशीच आले. काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

भाऊ कसे होते हे तुम्हाला काय सांगायचं? एका जागी बसलेला माणूस नव्हता तो. जेवतानासुद्धा डबा हातात घेऊन फिरायचे. आम्ही बाया म्हणायचो, "भाऊ, बसा जी जरा." तर म्हणायचे, "बसलो का मले झोप येते." रागीटही होते. खोटं काहून बोलू? वजन कमी भरलं म्हणून मला सगळ्यांसमोर इतकं बोलले होते की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पण माझी पोरगी आजारी होती तेव्हा माझा पॅकिंगचा पट्टा त्यांनी स्वतः उभं राहून चालवला. दोन्ही तेच गजाननभाऊ.

मग एका सकाळी आपण कामावर गेलो आणि गेटला कुलूप होतं.

आठवते ना? आपण सगळे गेटवर उभे. कोणी म्हणे दुपारी उघडणार, कोणी म्हणे सोमवारी. ते काही उघडलं नाही. आपल्या पगारातून विम्याचे पैसे कापले जात होते. नोकरी गेली तर त्या विम्यातून काही महिने भत्ता मिळतो, हे आपल्याला कोणाला माहीत होतं? गजाननभाऊ विचारून आले. घरोघरी जाऊन सांगत फिरले. "रेखा, कागदं काढून ठेव वं. भीक नाही मांगून राहिलो आपण. आपलेच कापले."

आपण अर्ज केले. वाट पाहिली. आणि मग एकेकाच्या मोबाईलवर येत गेलं: अर्ज नामंजूर.

भाऊंसोबत आम्ही विम्याच्या ऑफिसात गेलो. खिडकीवरच्या मॅडमनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमची नोंद 'स्वतःहून नोकरी सोडली' अशी आहे. स्वतःहून सोडणाऱ्याला भत्ता नसतो."

भाऊंचा आवाज तिथे इतका चढला की वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले. "मॅडम, कारखान्याले कुलूप लागलं. कुलपाच्या बाहेर उभं राहून कोणी राजीनामा देते का?"

मॅडमही चिडल्या. शिपायाने आम्हाला बाहेर काढलं. मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी भाऊ पुन्हा तिथेच. मॅडमना म्हणाले, "काल माया आवाज चढला. तुमच्यावर नव्हता. आता सांगा, हे दुरुस्त कोण करते?" मॅडमनी पुन्हा कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. मग म्हणाल्या, "ज्याने नोंद केली, त्याने लेखी दिलं पाहिजे."

नोंद केली होती आपल्या कारखान्याची हजेरी पाहणाऱ्या, टाइम ऑफिसच्या पेंढारकर साहेबांनी.

मंडळी, पुढचं मी साहेबांना विचारून सांगते आहे. ते आज इथे आले आहेत, त्यांच्या बाईसाहेबही आल्या आहेत. काल मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "सांगा. सगळं सांगा."

शहरात बेसा भागात त्यांचा फ्लॅट. भाऊ, मी आणि आपल्या पॅकिंगच्या तीन-चार बाया, असे आम्ही गेलो. जिना चढताना भाऊ म्हणत होते, "आज सोडत नाही याले." मध्ये एकदा थांबले. छातीवर हात ठेवला. मी म्हटलं, "काय झालं जी?" म्हणाले, "गॅस आहे. चाल."

दार बाईसाहेबांनी उघडलं. आम्हाला बसवलं, पाणी आणलं. हसून म्हणाल्या, "बरं झालं आज आलात. हल्ली यांचं घरूनच काम असतं."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. साहेब आतून आले. चेहरा पांढरा पडलेला. बाईसाहेबांना माहीतच नव्हतं की कारखाना बंद झाला आहे! रोज सकाळी हा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून आतल्या खोलीत दार लावून बसत होता.

मला वाटलं, आता भाऊ फुटतात. रागाने त्यांचं तोंड लाल झालं होतं. पण ते बाईसाहेबांना म्हणाले, "हो वहिनी. ऑफिसच्याच कामानं आलो. सायबाची सही पायजे होती."

त्या चहा टाकायला आत गेल्या. मग भाऊंनी हळू आवाजात विचारलं, "साहेब, आमचं 'स्वतःहून सोडली' काहून लिवलं?"

"वरून तसं सांगितलं होतं. सगळ्यांचं तसंच भरा म्हणाले."

"तुमचं काय भरलं?"

साहेबांनी आतल्या दाराकडे एकदा पाहिलं. म्हणाले, "माझंही तेच."

चहा आला. आम्ही प्यालो. निघताना भाऊ एवढंच म्हणाले, "उद्या या आमच्यासंगं. तुमच्याही कामाचं आहे."

खाली आल्यावर आम्ही बाया भाऊंवर तुटून पडलो. मीच जास्त. "त्याची इज्जत झाकली तुम्ही, अन् आमच्या चुली? आमाले काय त्याच्या बायकोचं?" भाऊ गाडीजवळ येरझारा घालत होते. म्हणाले, "त्याले बायकोसमोर उघडा पाडला असता तर तो आला असता का? आपल्याले त्याची सही पायजे, त्याचं रडणं नाही."

साहेब दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी भाऊंना म्हटलं, "पाहा, सांगत होते ना?" आणि नंतर एक दिवस साहेब विम्याच्या ऑफिसच्या दारात उभे दिसले, बाईसाहेबांना सोबत घेऊन. त्यांनी घरी सगळं सांगितलं होतं. सगळ्यांच्या नोंदी चुकीच्या आहेत, कारखाना बंद झाला, कोणी सोडून गेलं नाही, असं त्यांनी स्वतःच्या सहीने लिहून दिलं. त्या सहीमुळे पुढे त्यांना काय काय ऐकावं लागलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. म्हणून म्हणते, आजही ज्यांच्या मनात त्यांच्याबद्दल राग आहे, त्यांनी तो आता सोडावा. मी सोडला.

मग आपले भत्ते यायला लागले. उशिरा आले, अडत अडत आले, पण आले. माझा आला. साहेबांचा आला. गजाननभाऊंचा आला नाही.

भाऊ आधी ठेकेदाराकडे होते, मग कारखान्यात कायम झाले. त्यामुळे त्यांचे विम्याचे नंबर दोन झाले. अर्धी वर्षं एका नंबरावर, अर्धी दुसऱ्यावर. कोणत्याच नंबरावर हिशेब पुरा भरत नव्हता. दोन्ही एकत्र करायचे तर अर्ज इथून तिथे जाणार, तिथून पुढे जाणार. वहिनी तेव्हा म्हणाल्या होत्या, "मले घरात एक गजानन सांभाळणं होत नाही, अन् सरकारच्या घरी दोन-दोन?" आम्ही सगळे हसलो होतो. भाऊही हसले होते.

पण ते हसणं फार दिवस टिकलं नाही. माझा भत्ता आला तेव्हा मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. पेढा हातात घेऊन ते म्हणाले, "तुयं झालं. मायं काहून नाही?" ते मला लागलं. त्यांनाही ते कळलं असावं. आठ-दहा दिवस आले नाहीत, फोन नाही. मग एका संध्याकाळी दारात उभे. हातात वांग्यांची पिशवी. "राग तुयावर नव्हता वं," म्हणाले. मी म्हटलं, "माहीत आहे मला. बसा." बसले नाहीत. उभ्यानेच चहा प्याले. दम लागलेला दिसत होता. मी म्हटलं, "भाऊ, दवाखान्यात दाखवा ना एकदा." म्हणाले, "भत्ता आला का दाखवतो. आता कोण खर्च करते?"

वहिनीही रोज हेच सांगत होत्या. त्यांनाही रोज हेच उत्तर.

मग त्या दुपारी भाऊंची छाती जास्तच दुखली आणि त्यांना धंतोलीच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा आम्ही सगळे तिथे होतो. डॉक्टर म्हणाले, दुखणं बरंच जुनं आहे, आधी का आणलं नाही? मंडळी, काय सांगायचं डॉक्टरांना? माणूस मंजुरीची वाट पाहत होता, असं सांगायचं? मी तेव्हापासून रात्रंदिवस स्वतःला हेच विचारते. एका ऑफिसातला कागद दुसऱ्या ऑफिसात जायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ माणसाच्या छातीला असतो का?

कोणावर ओरडू? खिडकीतल्या मॅडम भाऊ गेल्याच्या बातमीने रडल्या. पेंढारकर साहेब शेवटपर्यंत भाऊंसोबत ऑफिसात खेटे घालत होते. ज्याच्यावर ओरडावं असा एक माणूस सापडत नाही. म्हणूनच हा जीव शांत होत नाही.

काल रात्री वहिनींनी मला विचारलं, "ताई, अर्ज त्यायच्या नावाचा. आता माणूसच नाही. तर मी जाऊन काय सांगू? कोणाले द्या म्हणू?"

वहिनी, मला उत्तर माहीत नाही. खरंच माहीत नाही. पण सोमवारी सकाळी मी तुमच्यासोबत येते. पेंढारकर साहेब येतात म्हणाले. ज्यांचे भत्ते झाले, ते सगळे येणार आहेत. त्या खिडकीसमोर तुम्ही एकट्या उभ्या राहणार नाही.

आता सगळ्यांनी उभं राहावं. दोन मिनिटं काही बोलू नका. मला ठाऊक आहे, आज गप्प राहणं कोणालाच सोपं नाही. तरीही राहू.

गजाननभाऊ, तुमच्या रेखाचा तुम्हाला नमस्कार.