कॅसेटात न मावलेला वन्स मोअर

...न्हाय न्हाय न्हाय, त्याला नाटक म्हणू नका! मी उठून जाईन हितनं, आदीच सांगून ठेवतो. काचेच्या पेटीत वीतभर माणसं नाचत्यात, त्यांच्या पायाखालनं अगरबत्तीची जाहिरात सरकत्या आणि बघणारा लुंगीवर आडवा पडून शेंगा फोडतोय... ह्याला नाटक? आवं पावणं, नाटकाला जायचं म्हंजे माणूस दाढी करतोय, इस्त्रीची कापडं काढतोय, कानात अत्तराचा फाया घालतोय, बायको गजऱ्यासाठी रुसत्या, तिसरी घंटा झाली की खुर्चीत सरसावून बसतोय! आणि ह्या कॅसेटच्या खोक्यावर काय छापलंय ठावं हाय? सोनेरी अक्षरात? 'आता घरबसल्या नाटक!' घरबसल्या नाटक म्हणं! घरबसल्या आंघोळ होत्या, घरबसल्या भांडण होतंय, नाटक होत न्हाय घरबसल्या!

आता तुम्ही म्हणशीला, ह्यो कोण लागून गेला टिक्कोजीराव? तर ऐका. पाटबंधारे खात्यात तीस वर्सं कारकुनी केली, पर पेठेत मला कारकून म्हणून कोण वळखत न्हाय. 'वन्स मोअरवाला आण्णा' म्हणा, कुणीबी दार दावंल. तरणा असताना कुस्तीच्या मैदानात भोंगा बंद पडला की पंच मला हाक मारायचं, "आण्णा, जोड पुकार!" आणि मी पुकारली की पार वरच्या पायरीवरल्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळायचा. त्यो आवाज मी नाटकाला वाहिला, तुमास्नी सांगतो. 'संगीत कुमुदकंकण' एक्केचाळीस येळा बघितलं. गारगोटीला तंबूत बघितलं, वाऱ्यानं राजवाडा उडून पब्लिकच्या मांडीवर आला तरी बघितलं! आणि दुसऱ्या अंकात नायकाचं काम करणाऱ्या अंबादासबुवांनी दिव्याचं पद संपवलं की वन्स मोअर द्यायचा मान कुणाचा? माझा! दुसरा कोण तोंड उघडायचा न्हाय. कारण कुणीबी उठून बोंबललं म्हंजे त्यो वन्स मोअर होत न्हाय, पावणं. सूर खाली टेकला आणि टाळी अजून पडली न्हाय, त्या मधल्या बोटभर जागंत त्यो ठेवावा लागतोय. आदी पडला तर गाणाऱ्याचा अपमान, मागनं पडला तर टाळ्यांत वाहून गेला. हे त्या रिमोटाच्या बटनाला कळतंय व्हय?

तर चौऱ्याऐंशी साली मुंबईचं व्हिडिओवालं आलं आमच्या थेटरात. म्हणं कोल्हापूरचा प्रयोग चालू असतानाच शूटिंग करणार, का तर कोल्हापूरचं पब्लिक रसिक! आणि रसिकांचं पयलं काय केलं आसंल, तर फुडल्या तीन ओळी खुर्च्या उपटल्या आणि तिथं कॅमेरं मांडलं. दुसऱ्या ओळीतली कडंची खुर्ची माझी, वीस वर्सांची वहिवाट, तिथं वायरींचं भेंडोळं बसलं! मी पाचवीत. शेजारी हंबीरराव. ह्यो हंबीरराव म्हंजे माझा तालमीपासनंचा दोस्त, एक्केचाळीसातली चाळीस नाटकं माझ्याबरोबर बघितल्याली. एकदा म्हस व्याली म्हणून राहिलं.

घंटेच्या आदी टोपीवाला डायरेक्टर स्टेजवर आला. देह एवढाला आणि आवाज चिमणीचा, "रसिकहो, एक नम्र विनंती! चित्रीकरण सुरू आहे, टेप मोजकी आहे, तेव्हा कृपया कुणीही वन्स मोअर देऊ नये..." सगळं थेटर वळून माझ्याकडं बघाय लागलं की वो! संगीत नाटक आणि वन्स मोअर द्यायचा न्हाय? मग आम्ही काय पिठाच्या गिरणीत नंबराला बसलोय? हंबीररावनं खिशातनं पानाचा विडा काढला, म्हणला, "आण्णा, ह्यो तोंडात धर आणि नाटक संपस्तवर काढू नगंस."

धरला. आईशप्पत धरला. पयला अंक विडा चघळत काढला. पर दुसऱ्या अंकात दिव्याचं पद आलं... नायक रानात एकटा, हातात पणती, पलीकडच्या तीरावर त्याची कुमुद वाट बघतीया. बुवांनी साठी गाठल्याली, पर त्या दिवशी आवाज असा लागला, असा लागला... शेवटचा सूर टेकला, टाळी पडणार, आणि ती बोटभर जागा मला मोकळी दिसली. विडा गिळला आणि दिला ठेवून... वन्स मोअर!

विंगेत डायरेक्टर कपाळ बडवून घ्यायलाय. बुवा आदीच वळून निघाल्यालं, दोन पावलं गेलं... थांबलं. माघारी फिरलं. कॅमेऱ्याकडं न्हाय बघितलं, माझ्याकडं बघितलं, पणतीसकट हात जोडलं आणि ऑर्गनवाल्याला मान हलवली. अकरा मिन्टं, पावणं! अकरा मिन्टं परत गायलं. आणि मधीच पणतीतलं तेल संपलं. वात इझली. दुसरा कोण असता तर बावचळला असता. बुवांनी काय केलं? इझल्याल्या पणतीवर उजवा तळवा धरला, हाऽ असा, वारं लागू नये म्हणून, आणि गात राहिलं. इझल्याला दिवा जपत जपत अख्ख्या स्टेजवरनं न्हेला! आणि ह्यो हंबीरराव, सख्ख्या चुलत्याच्या मयतात ज्येनं डोळा वला केला न्हाय, त्यो टोपीत तोंड घालून हुंदकं देत हुता. हे ध्यानात ठेवा, फुडं कामाला येणार हाय.

त्यानंतर सा म्हैन्यांत बुवांचा गळा गेला. डाक्टरनं गाणंच बंद केलं. म्हंजे ते शेवटचं... आणि पेठेत सांगाय गेलो तर लोकं काय म्हणावीत? "आण्णा, वाईच चढवून सांगताय!" चढवून? मी? माझ्या घरातनं सुदीक! नाटकाच्या दिवशी माझी बायको माई बहिणीकडं गेलती जोतिबाला, ती म्हणत्या, "इझल्याली पणती कोण जपतंय का? तुमचं आपलं कायतरीच!" म्हटलं, येऊ दे कॅसेट! चहाच्या गाड्यावर कुणी हसला, येऊ दे कॅसेट! न्हाव्याकडं कुणी डोळा मारला, येऊ दे कॅसेट! दोन वर्सं, तुमास्नी सांगतो, लोकं लेकीच्या बाळंतपणाची वाट बघत न्हाईत तशी मी त्या कॅसेटची वाट बघितली.

आली. घरबसल्या नाटक म्हणं!

आमच्या गल्लीत रंगीत टीव्ही माधव वकिलाकडं. व्हिडिओ भाड्यानं आणला, आयतवारी दुपारी बैठक ठरली, मी दाढी करून, अत्तर लावून, माईला गजरा घेऊन गेलो. बघतोय तर काय, पंचवीस माणसं, निम्मी लोळत्याली, दोघं घोरत्याली. अत्तर लावल्याला मी एकटाच! आणि एकेकाची मतं ऐका. शेजारची बनाबाई म्हणत्या, "आगं बया, ह्या बुवाच्या दातात फट हाय की!" वीस वर्सं ज्येच्या गळ्याकडं बघितलं त्याचं आता दात मोजा! बाळासो इंजिनेर म्हणतोय, "कलर क्लीन आलाय, पण साउंडला बेस नाही." तुझ्या बेसाला घाल चुलीत! आणि वकिलाची सून पद्मजा, शिकल्याली पोरगी, पुण्याची, हातात रिमोट, ती काय म्हणाली आसंल? "मामंजी, मधली मधली गाणी पळवू का? नाहीतर स्टोरी लक्षात राहात नाही." गाणी पळवू! संगीत नाटकातली! आवं उद्या बासुंदीतलं दूध काढून फेकशीला, का तर वेलदोडा नीट लागंना!

आणि पळवली की वो! नांदी फुर्रकन गेली, बुवा पाच पदं तोंडातल्या तोंडात पुटपुटत म्हस सुटल्यागत स्टेजवर पळालं. मग चहा आला. पद्मजानं बटन दाबलं, बुवा थांबलं. तान घेताना! आऽ करून! वीस मिन्टं लोकं बशीतनं चहा फुरकतायत आणि बुवा तोंड उघडं टाकून थरथर कापतायत, कोण त्येंच्याकडं बघंना. मला चहा गेला न्हाय. म्हटलं, वकीलसाहेब, त्येंचं तोंड तरी मिटवा! वकील म्हणतोय, "आण्णा, चिवडा घ्या." घरबसल्या नाटक!

पर मी गप बसलो. का? दुसरा अंक यायचा हुता. दिव्याचं पद आलं तवा मात्र उठून हुबा राहिलो, म्हटलं पद्मजाताई, तुमच्या पाया पडतो, एवढं पळवू नका. पोरगी बिचारी दचकली, रिमोटच खाली ठेवला. बुवा गायलं. खालनं अगरबत्ती सरकत हुती, सरकू दे म्हटलं. शेवटचा सूर टेकला... आणि पेटीतनं माझा आवाज आला. वन्स मोअर! खणखणीत! मधल्या बोटभर जागंत! सगळी बैठक, "आण्णा! आण्णा!" मी माईकडं बघितलं, म्हटलं आता डोळं फाडून बघ. बुवा वळलं... एक पाऊल... दोन पावलं...

आणि फुडल्या क्षणाला पडद्यावर नाटकातला विनोदी गडी, हातात केरसुणी!

संपलं! कापलं! अकरा मिन्टं साफ! बुवा जाताना दिसत्यात, माघारी येताना दिसतच न्हाईत! सुरवातीला सात मिन्टं बनियनची जाहिरात मावत्या त्या कॅसेटात, बुवांचा दिवा मावत न्हाय! आणि माझी आरोळी तेवढी ठेवली. का? तर म्हणं पब्लिक जिवंत वाटाय पायजे!

बनाबाई म्हणाली, "म्हंजे बुवानं तुमास्नी काय दादच दिली न्हाय व्हय वो आण्णा?" आणि जी हसली बैठक, जी हसली... माझ्या कानशिलात मारल्यागत झालं. म्हटलं, थांबा! साक्षीदार हाय! हंबीरराव, सांग ह्यास्नी! अरं तू शेजारी हुतास, वात इझली, तळवा धरला, सांग की रं! सगळी बैठक हंबीररावकडं. आणि ह्यो रेड्यागत माणूस चिवड्यातलं शेंगदाणं निवडत म्हणतोय, "मला काय आता नीट आठवत न्हाय बाबा... कॅसेटात हाय तसंच झालं आसंल."

कॅसेटात हाय तसंच! चाळीस नाटकं बघितल्याला माणूस!

मग काय, पब्लिकला खेळणं गावलं. बाळासो म्हणला, "वहिनी, रिवाइंड करा की!" पद्मजानं केलं. मी वरडलो, बुवा पाठ फिरवून गेलं. हशा. आणि मागनं कोण तरी केकाटलं, वन्स मोअर! परत फिरवलं. मी वरडलो, बुवा गेलं. वन्स मोअर! परत! माई सुदीक पदरात तोंड लपवून हसत हुती, मी दिल्याला गजरा हलत हुता. जल्मभर दुसऱ्याला वन्स मोअर दिला, पावणं, आणि मला मिळाला त्यो असा. पाच येळा! आणि पाची येळा बुवांनी मला पाठ दावली.

उठलो. नाटक अर्धं टाकून बाहेर पडायची जल्मातली पयली येळ. दिवं लागाय आलतं, गल्लीच्या कोपऱ्यावर मागनं चपलांचा आवाज आला. हंबीरराव. म्हटलं, चालता हो! तुझं तोंड बघणार न्हाय! त्यो शेजारनं चालाय लागला. मग खाली मान घालून म्हणला, "आण्णा... डावा हुता."

म्हटलं, काय डावा?

"तळवा. तू दोन वर्सं समद्यास्नी उजवा म्हणून सांगतोस. उजव्या हातात पणती हुती की रं. धरलता त्यो डावा. आणि इझल्यावर त्येनी त्या पणतीकडं कसं बघितलं... पाळण्यातल्या पोराकडं बघावं तसं."

पावणं, मी जाग्यावरच थांबलो! आणि खरं हाय की वो, आत्ता तुमास्नी बी मी उजवाच म्हणालो का न्हाय? सवय! म्हंजे ह्येला माझ्यापरीस जास्त आठवतंय! म्हटलं, अरं मर्दा, मग तिथं तोंडात काय धरलतंस?

तर म्हणतोय, "तिथं कसं सांगू? मी रडलतो, ते बी सांगाय लागलं असतं की."

आता ह्या माणसाला मिठी मारावी का चप्पल मारावी? राग कुठल्या कुठं गेला. डोळं भरलं, खोटं कशाला बोलू. दोन वर्सांत पयल्यांदा कुणी तरी बुवांचा त्यो दिवा मला परत दावला, आणि त्याला ना टीव्ही लागला ना वायर. म्हटलं, हंबीरराव, तेवढंच परत सांग. तळव्याचं आणि बघण्याचं. परत एकदा... आणि मधली बोटभर जागा सापडली म्हणून म्हणा, भर रस्त्यात माझ्या तोंडातनं निघून गेलं... वन्स मोअर!

दोन घरांची दारं उघडली. हंबीररावनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, डोक्यावरची टोपी खाली वढली आणि वळला. एक पाऊल... दोन पावलं... मी आपला हुबा, म्हटलं आता थांबंल, आता माघारी फिरंल...

न्हाय फिरला. गेला घरला. फुडचं कापलं असणार कुणीतरी!